एकट्याचें नाटक आणि दोघांचा संसार

पश्चिम रेल्वेची लोकल दहिसर सोडून पुढें आली म्हणजे मीरा रोड आणि भाईंदर हीं दोन स्थानकें लागतात. एके काळीं येथें गाडीच्या खिडकींतून मिठागरें दिसत आणि उन्हांत चमकणाऱ्या मिठाच्या राशी पाहून लहान मुलें हरखून जात. आज बहुतेक ठिकाणीं इमारतींची दाटी झाली आहे. २००२ सालीं येथें महानगरपालिका आली आणि २०२२ सालीं लता मंगेशकर यांचें नांव धारण करणारें नाट्यगृहही उभें राहिलें. मुंबईच्या मानानें भाडें कमी, आणि चित्रीकरणाच्या जागा गाडीच्या टप्प्यांत; त्यामुळें एकेका खोलींत तिघां-चौघांनीं राहून कलेच्या मागें लागलेलीं तरुण मुलें-मुली या वस्तींत पुष्कळ आढळतात. हीं मुलें स्वतः लिहितात, स्वतः चाल लावितात, स्वतःच सोंग वठवितात, आणि कोणाच्याही पदरीं नसतात. “काय करतां?” असें विचारलें तर त्यांस एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. आमच्या वडिलांच्या पिढींत नट म्हटला कीं “कोणत्या कंपनींतला?” हा पुढचा प्रश्न ठरलेला असे. या मुलांस कंपनीच नाहीं.

आमचे जुने विद्यार्थी आतां स्वतः पालक झाले आहेत, आणि त्यांच्यांतील कांहीं जण आमच्याकडे गाऱ्हाणीं घेऊन येतात. मुलगा इंजिनियर झाला, बरी नोकरी लागली, आणि दोन वर्षांत म्हणतो कीं आतां राजीनामा देऊन मी एकट्याचे प्रयोग करणार. वडील रागावले कीं तो पुलंचें नांव पुढें करतो: त्यांनींही नोकरी सोडलीच होती! या दाखल्यापुढें वडील निरुत्तर होतात, कारण पु. ल. देशपांडे यांचें एकही पुस्तक नाहीं असें घर आपल्या समाजांत शोधूनच काढावें लागेल. दाखला मोठा आहे खरा; परंतु दाखला देणारा आणि ऐकणारा या दोघांनींही तो पुरता वाचलेला नसतो असें आमच्या ध्यानांत आलें. म्हणून त्याची एकदां नीट झडती घ्यावी असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, एकट्यानें नाटक करणें ही आजकालची टूम नव्हे. भरतमुनींनीं रूपकाचे जे दहा प्रकार सांगितले त्यांत भाण नांवाचा एक प्रकार आहे. त्यांत अंक एक आणि नटही एकच. हा नट बहुधा विट असतो. म्हणजे शहरांत मुरलेला, बोलका, सर्वांच्या घरचें ठाऊक असलेला चतुर मनुष्य. तो रस्त्यानें चालला आहे. वाटेंत त्याला हा भेटतो, ती हांक मारते, पलीकडे कोणाचें भांडण चाललें आहे. पण रंगभूमीवर त्याच्यावांचून दुसरें माणूस नसतें. विट रिकाम्या जागेकडे पाहून “काय म्हणतोस?” असें विचारतो, न ऐकूं आलेलें उत्तर आपणच बोलून दाखवितो, आणि वर त्यास प्रत्युत्तर देतो. या युक्तीस आकाशभाषित असें नांव आहे. शूद्रक, वररुचि, ईश्वरदत्त आणि श्यामिलक यांच्या नांवांवर असलेले चार भाण ‘चतुर्भाणी’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. कोठें उज्जयिनीचा तर कोठें पाटलिपुत्राचा रस्ता त्यांत असा जिवंत होतो कीं वाचतांना धूळ अंगावर उडावी. त्यांतला शृंगार घरांत मोठ्यानें वाचण्याजोगा नाहीं, हें आम्ही कबूल करतों. आम्हांस शिकविणारे शास्त्रीबुवा तीं पानें खाली मान घालून भराभर उलटीत. परंतु माणसांचे नमुने, त्यांच्या बोलण्याच्या लकबी, व्याकरणाचा दिमाख मिरविणाऱ्या पंडिताची उडविलेली भंबेरी, हें सर्व एका नटाच्या तोंडून ऐकावयाचें असें त्या जुन्या प्रेक्षकांचें भाग्य होतें.

ज्यांनीं ‘बटाट्याची चाळ’ पाहिली किंवा निदान ध्वनिमुद्रिकेवर ऐकली, त्यांस आम्ही काय म्हणतों तें तत्काळ उमगेल. उज्जयिनीच्या रस्त्याऐवजीं गिरगांवांतली चाळ, आणि विटाच्या जागीं चाळीचा पुराणिक. एका देहांतून बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें बाहेर पडतात. कोणी उपवास करतो, कोणी भ्रमणास निघतो, कोणी सांस्कृतिक चळवळ उभारतो. प्राचार्यांनीं वर्गांत भाणाचें लक्षण पाठ करून घ्यावें आणि विद्यार्थ्यांस त्याचें उदाहरण मात्र एकही पाहावयास मिळूं नये, अशी आपल्याकडची स्थिति. तें उदाहरण मराठींत होतें, आणि तें पाहून आपण केवळ हंसलों.

दुसरी परंपरा आपल्या अगदीं घरची, कीर्तनाची. कीर्तनकार एकाच अंगरख्यांत कवि असतो, गवई असतो, वक्ता असतो आणि नटही असतो. पूर्वरंगांत निरूपण झालें, उत्तररंगांत आख्यान लागलें, कीं तो घटकेंत दुर्योधन आणि घटकेंत द्रौपदी होतो. वेष बदलीत नाहीं. उपरण्याचा पदर डोक्यावर आला कीं झाली द्रौपदी. साथीला पेटी आणि तबला. गांवानें दिलेली बिदागी घेऊन बुवा दुसऱ्या दिवशीं पुढच्या गांवीं. आजच्या मुलांस आपण फार नवीन कांहीं करीत आहों असें वाटतें, त्यांस आम्ही एखादें उत्तम कीर्तन ऐकावयास सुचवितों.

या एकट्याच्या वाटेच्या उलट दुसरी वाट मंडळींची. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखालीं. १८५१ सालीं आप्पासाहेब वारले, आश्रय आटला, आणि भाव्यांस आपली मंडळी घेऊन गांवोगांव फिरावें लागलें. १८५३ सालीं त्यांनीं मुंबईंत तिकिटें लावून खेळ केले. पद्यें त्यांची, बसविणें त्यांचें, कळसूत्री बाहुल्या घडविण्याचें कसबही त्यांच्याच हातीं. परंतु जेवावयास बसणारी पंगत मोठी. पुढें १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नें संगीत नाटकाचें युग उघडलें आणि पंगत आणखी वाढली. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचें वैभव आणि तिचें कर्ज या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रास पाठ आहेत. बालगंधर्वांसारखा गळा शतकांत एकदां लाभतो. पण तो गळाही उंची वस्त्रें, अत्तरें, पडदे आणि शेंकडों पानें उठविणारें स्वयंपाकघर यांचा भार पेलूं शकला नाहीं. त्यांचें गाणें ऐकून डोळे पुसणाऱ्यांनीं त्यांची हिशेबाची वही पाहिली असती तर डोळे पुसण्यास आणखी एक कारण मिळालें असतें.

आतां देशपांडे यांच्याकडे वळूं. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईचा, वाढले पार्ल्यास. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नांवानें लिहीत. रवींद्रनाथांची गीतांजलि त्यांनीं अभंगांत उतरविली. घरांत शब्द आणि सूर दोन्ही होते. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयांत, नंतर मुंबई, पुणें, सांगली अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत. येथपर्यंत कोणत्याही सुशिक्षित घरांत शोभेल अशीच कथा आहे. पुढें त्यांनीं मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्यें शिक्षकी केली, बेळगांवच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयांत मराठी शिकविलें. १९४७ च्या ‘कुबेर’पासून बोलपटांत कामें केलीं, पटकथा लिहिल्या, चाली लाविल्या; ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या गायिकेनें त्यांच्या चाली गायिल्या. १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपति’ या बोलपटांत कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका हीं पांचही अंगें त्यांनीं एकट्यानें सांभाळलीं. भीमसेन जोशी यांनीं गायिलेला त्यांतील अभंग आजही घरोघर ऐकूं येतो. इतकें यश हातीं असूनही त्यांनीं चित्रपटसृष्टीकडे जवळजवळ पाठच फिरविली.

नाटकांचेंही तसेंच. गोगोलच्या रशियन नाटकावरून ‘अंमलदार’ १९५२ सालीं, आणि ‘तुझें आहे तुजपाशीं’ १९५७ सालीं. मधल्या काळांत, १९५५ सालीं, ते आकाशवाणीच्या नोकरींत शिरले, विलायतेस बी. बी. सी. कडे शिक्षण घेऊन आले, आणि दिल्लीस दूरचित्रवाणीचा आरंभ झाला तेव्हां पंडित नेहरूंची मुलाखत त्यांनींच घेतली. ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपानें १९५८ सालीं निघाली होती. ती घेऊन ते एकटे रंगभूमीवर उभे राहिले तें १९६१ सालीं.

वाचकांनीं येथें थोडें थांबून वजाबाकी करावी. त्या वेळीं त्यांनीं वयाची चाळिशी ओलांडली होती. पाठीशीं पंधरा-वीस वर्षांची शिक्षकी, प्राध्यापकी, बोलपट, नभोवाणी आणि गाजलेलीं नाटकें होतीं. माइकपुढें श्वास कोठें घ्यावा, विनोदानंतर किती थांबावें, हें ते पगार घेऊन शिकलेले होते. महाराष्ट्रांतल्या वाचकांस त्यांचें नांव पूर्वींच ठाऊक झालें होतें. पंचविशींतला मुलगा “त्यांनीं नोकरी सोडली” असें म्हणतो, तेव्हां तो त्यांच्या चरित्राचें पंधरावें प्रकरण प्रथम वाचतो आणि आधींचीं चौदा गाळतो. आम्ही त्याचा उत्साह मोडूं इच्छीत नाहीं. परंतु वडिलांनीं निरुत्तर होण्याचें कारण नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

‘चाळी’च्या प्रयोगाचा अर्थव्यवहारही पाहण्यासारखा आहे. देखावे नाहींत, पोषाखांचे पेटारे नाहींत, नटसंच नाहीं. नाट्यगृहाचें भाडें, जाहिरात आणि प्रवास एवढाच मुख्य खर्च. बाकी मिळकत ती शुद्ध. बालगंधर्वांस जें साधलें नाहीं तें या हिशेबानें साधलें. ‘वाऱ्यावरची वरात’ १९६२ सालीं आली, तिच्यांत सोबतीला इतर मंडळी होती, तरी धोरण काटकसरीचेंच राहिलें. आणि गर्दी ओसरलेली नसतांना हे खेळ बंद करण्याचें सामर्थ्यही त्यांस या काटकसरीनेंच दिलें. ज्याच्या माथ्यावर पन्नास माणसांचें पोट असतें त्याला आपल्या मर्जीनें खेळ थांबवितां येत नाहीं.

तथापि ‘एकट्याचा’ हा शब्द आम्ही इतका वेळ वापरीत आलों तो पूर्णपणें खरा नाहीं. १२ जून १९४६ रोजीं रत्नागिरीस देशपांडे यांचा सुनीता ठाकूर यांच्याशीं नोंदणी पद्धतीनें विवाह झाला. बाई बेचाळीसच्या चळवळींत भाग घेतलेल्या, स्वतः शिक्षिका, चांगल्या नटी आणि वाचनानें समृद्ध. रंगमंचावर एक माणूस उभा असे. पण तारखा ठरविणें, करार पाहणें, पत्रांस उत्तरें, आंत उभें राहून प्रयोगावर नजर, पैन् पैचा जमाखर्च, हें सर्व दुसऱ्या माणसाच्या शिरावर असे. परवानगीवांचून कोणी पुस्तकांतला मजकूर किंवा नाटक उचललें तर बाई स्वस्थ बसत नसत. त्यामुळें “पु. ल. मोठे दिलदार, पण त्या फार कडक” असा प्रवाद घरोघर पसरला. हा प्रवाद आम्हीं स्वतः चहाच्या वेळीं अनेक घरांत ऐकला आहे, आणि तो सांगणारी बहुधा त्या घरची गृहिणीच असे, हें पाहून आम्हांस नवल वाटे. जिच्या हातीं वाणसामानाची यादी असते तिला तरी कळावें कीं, दिलदारपणा एकानें करावयाचा तर कडकपणा दुसऱ्यानें करावाच लागतो.

१९९० सालीं सुनीताबाईंचें ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झालें. तें वाचून कित्येक वडीलधाऱ्या वाचकांस राग आला. घरांतल्या गोष्टी बाहेर कशाला, असें म्हणणारे आम्हांस भेटले. आमचा अभिप्राय निराळा आहे. कलावंताच्या घरांत किती काम दिसत नाहीं आणि तें कोण करतें, याची इतकी प्रामाणिक नोंद मराठींत क्वचितच झाली आहे. बाईंनीं नवऱ्याचें मोठेपण नाकारलें नाहीं, आपली किंमतही कमी करून सांगितली नाहीं. ज्या एकत्र कुटुंबांत मुलगा कलावंत होऊं पाहत आहे, त्या घरांत हें पुस्तक सासूनें आणि होणाऱ्या सुनेनें, दोघींनीं वाचावें. मुलाची कीर्ति सर्वांच्या वांट्यास येते, पण त्याच्या रिकाम्या महिन्यांचें ओझें एकाच व्यक्तीवर पडतें, आणि तिला बहुधा कोणी विचारलेलें नसतें.

या मिळकतीचें त्यांनीं काय केलें तेंही सर्वश्रुत आहे. आपल्या नांवाचें प्रतिष्ठान स्थापून त्यांनीं पैसा सामाजिक कामांकडे वळविला. पुण्यास १९८६ सालीं अवचट दांपत्यानें ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र काढलें, त्यास देशपांडे दांपत्यानें एक लाख रुपये दिले. पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुलांच्या विज्ञानशोधिकेची ‘पुलस्त्य’ ही वास्तूही त्यांच्याच देणगींतली. देणग्यांची यादी लांबविण्याची आमची इच्छा नाहीं. पण एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पैशाच्या बाबतींत कोणाचा मिंधा नसलेला मनुष्य बोलण्याच्या बाबतींतही मिंधा राहत नाहीं. १९७७ सालीं ते निवडणुकीच्या प्रचारसभांतून निर्भयपणें बोलले. १९९६ सालीं राज्य शासनाचा ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार मिळाला, त्या निमित्तानेंही त्यांनीं ठोकशाहीविषयीं आपली नापसंती लपविली नाहीं आणि सत्तेंतल्या पुढाऱ्यांचा रोष पत्करला. त्यांचें राजकारण सर्वांस पटलें पाहिजे असें नाहीं. आम्हांसही तें सर्व ठिकाणीं पटलें नाहीं; पण तें स्वतःचें होतें.

त्यांच्यानंतर या वाटेनें गेलेल्यांत दोन नांवें आम्ही मुलांस आवर्जून सांगतों. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगांत बावन्न पात्रें उभीं करणारे लक्ष्मण देशपांडे हे मराठवाडा विद्यापीठांत नाट्यशास्त्र शिकवीत होते. प्रयोग करतांना त्यांनीं अध्यापन सोडलें नाहीं. म्हणजे नोकरी सोडणें हा या कलेचा पहिला श्लोक नव्हे. दुसरें नांव सुषमा देशपांडे यांचें. १९८९ पासून त्यांनीं ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा स्वतः लिहिलेला प्रयोग गांवोगांव नेला. नाट्यगृह मिळालें तर नाट्यगृहांत, नाहीं तर शाळेच्या आवारांत. सावित्रीबाई फुले यांचें चरित्र ज्यांनीं पुस्तकांतून कधीं वाचलें नसतें अशा बायांपुढें. पुलंचा दाखला नेहमीं मुलगाच कां देतो आणि हा दुसरा दाखला मुलगी कां देत नाहीं, हेंही पालकांनीं मनांत आणावें. मुलगी असा विचार घेऊन पुढें आली तर तिची जमाखर्चाची वही लिहावयास घरांतून कोण बसणार? भाऊ बसेल काय?

मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणीं या मुलांस अनुकूल गोष्टी आहेत, प्रतिकूलही आहेत. जवळजवळ प्रत्येक गृहसंकुलांत एक सभागृह असतें आणि गणेशोत्सवाव्यतिरिक्त तें बहुतेक रिकामें असतें. प्रेक्षक नाना भाषांचे, म्हणून शब्दांबरोबर अंगही बोलकें ठेवावें लागतें. ही उत्तम तालीम आहे. प्रतिकूल गोष्ट म्हणजे खोलीचें भाडें दर महिन्यास येतें आणि प्रयोग दर महिन्यास येत नाहीं. शिवाय मोबाइलवर दोन मिनिटांचें नाटुकलें टाकून हजारों लोकांची वाहवा मिळवितां येते, त्यामुळें दोन तास उभें राहण्याची संवय लागत नाहीं. वाहवा आणि मिळकत यांतला फरक ओळखण्यास या मुलांस वेळ लागतो.

मागच्या महिन्यांत एका माजी विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व सविस्तर सांगितलें. त्याच्या मुलानें नोकरी तूर्त ठेवून, संकुलाच्या सभागृहांत दर दोन महिन्यांनीं एक प्रयोग करावा, आणि हिशेब त्याच्या आईनें नव्हे तर त्यानें स्वतः लिहावा, असें ठरलें. निघतांना गृहस्थ दारांत थांबला आणि म्हणाला, “सर, मग तिकीट किती ठेवावें?” आम्हीं सांगितलें, “पहिल्या खेपेस पन्नास रुपये पुरेत. पण फुकट पास एकासही देऊं नका, आम्हांसही नको.”